अद्भुत कादंबरीवर आधारित वाद्यवृंदरचना (पुणे)

अद्भुतरम्य कादंबरीतले जग, तिथली भूमी, माणसे आणि प्राणी मनाशी धरून, शब्दांचा आधार न घेता, मोठ्या वाद्यवृंदासाठी केलेली संगीतरचना. पाश्चात्त्य परंपरेत तिची गणना प्रोग्रॅम म्यूझिक म्हणजे कथासूचक संगीतात होते. पुण्यात हे काम करणाऱ्याला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी), रागसंगीत, कीर्तन-गोंधळाची आख्यानपरंपरा आणि गणेशोत्सवातले बँड हे सगळे एकाच शहरात हाताशी असते. म्हणून इथल्या रचनापद्धतीचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

पूर्वपरंपरा : निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी १८८८ मध्ये अरबी कथांवरून ‘शहरजाद’ रचली. गोष्ट सांगणारी राणी त्यांनी एकट्या व्हायोलिनच्या सुरावटीतून उभी केली. रचनेच्या भागांना आधी दिलेली कथासूचक नावे मात्र त्यांनी पुढे काढून टाकली, कारण श्रोत्याने प्रसंगामागून प्रसंग शोधत बसावे असे त्यांना वाटत नव्हते. शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, डच संगीतकार योहान दे मेय यांची टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरची पाच भागांची सिंफनी प्रथम सादर झाली. तिचे भाग एकेका पात्राचे, एका अरण्याचे, एका काळोख्या प्रवासाचे आहेत. कादंबरीचे कथानक क्रमाने सांगायचा प्रयत्न त्यात नाही. पुण्याच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट अशी, की ही सिंफनी मुळात तंतुवाद्यांच्या ताफ्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ती फुंकवाद्यांच्या बँडसाठी होती. पूर्ण वाद्यवृंदाचे रूप तिला नंतर मिळाले.

पुण्यात काल्पनिक जगाला वाद्यमेळाची साथ देण्याची सवय ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या स्टुडिओत लागली. कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली आणि १९३४ च्या ‘अमृतमंथन’चे संगीत केशवराव भोळे यांनी केले. पियानो, हवाईयन गिटार, व्हायोलिन अशी वाद्ये त्यांनी मराठी चालींच्या साथीला आणली. त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भास्कर चंदावरकर यांनी तिथे बरीच वर्षे संगीत शिकवले. त्यांनीच संगीत दिलेल्या १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये कीर्तन, लावणी, अभंग हे प्रकार नाट्याची वाहने झाले. वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या मराठी रचनाकाराने हे नाटक संगीताच्या अंगाने अभ्यासायलाच हवे.

कथाद्रव्य : मराठी कादंबरीचा आरंभीचा काळ बराचसा अद्भुतरम्य आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. भारतात ग्रंथावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा ही पुस्तके कोणालाही मोकळी आहेत. हयात लेखकाच्या पुस्तकातले शब्द गाण्यासाठी किंवा निवेदनासाठी घ्यायचे असतील, तर लेखी परवानगी आधी घ्यावी.

याहून जुने आणि माझ्या मते सर्वांत समृद्ध द्रव्य म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा, हा प्राचीन कथासंग्रह. परंपरा गुणाढ्याला प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या सभेत बसवते. ‘कथासरित्सागर’ या बृहत्कथेच्या नंतरच्या संस्कृत रूपातली हकिगत अशी : पैशाची भाषेत लिहिलेले सात लाख श्लोक राजाने नाकारले. गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला. एकेक पान वाचायचे आणि आगीत टाकायचे, असे त्याने सुरू केले. रानातले प्राणी चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. उपाशी प्राण्यांचे मांस वाळले, राजाच्या मुदपाकखान्यात तक्रार झाली आणि शोध घेत राजा रानात पोहोचला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. वाद्यवृंदासाठी याहून नेमका आराखडा सापडणे कठीण. सात सुरावटी, त्यांतली प्रत्येक एकदाच वाजणार आणि तिच्याबरोबर वाद्यांचा एकेक गट कायमचा गप्प होणार. सातवी तेवढी पूर्ण विस्ताराने उरणार. यात कथानक सांगावे लागत नाही, ते घडत जाते.

पुस्तकातून काय घ्यावे याचे उत्तरही इथेच मिळते. कोणी कोणाला फसवले हे ओबो सांगू शकत नाही. आपण कुठे आहोत, कोण आले, मघाचे काय बदलले, एवढे मात्र वाद्ये अचूक सांगतात. नारदीय कीर्तनाची बांधणी यासाठी उपयोगी पडते. पूर्वरंगात त्या जगाचे स्वर, अंतरे आणि लय यांचे नियम मांडावेत आणि उत्तररंगात आख्यान लावून ते नियम पणाला लावावेत. रचलेल्या जगाला स्वतःचा नाद आधीपासून नसतो. तो ठरवणे हे रचनाकाराचे पहिले काम आणि माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत मोठे.

मूर्छनेचा उपयोग : पाश्चात्त्य रचनाकार पात्राची सुरावट बदलण्यासाठी मेजरचे मायनर करतो, लय ताणतो, वाद्य बदलतो. रागसंगीत जाणणाऱ्याकडे याखेरीज मूर्छना आहे : स्वर तेच ठेवायचे आणि षड्ज, म्हणजे सा, हलवायचा. भूप रागाचे सा रे ग प ध घ्या. रिषभाला षड्ज मानले तर मधमाद सारंगाचे स्वर मिळतात, गंधाराला मानले तर मालकंसाचे, पंचमाला मानले तर दुर्गाचे, धैवताला मानले तर धानीचे. नायकाचे गाव, परका प्रदेश, वैऱ्याचा किल्ला हे सगळे एकाच पंचस्वरीतून उभे करता येतात आणि श्रोत्याला नकळत नाते जाणवत राहते.

प्रत्यक्षात हे असे होते. व्हायोलिनांना पांढरी एकचा (हार्मोनियमची पहिली पांढरी पट्टी, म्हणजे सी, हा षड्ज धरून) भूप द्या. खाली डबल बासने आपली सर्वांत जाड तार मोकळी छेडावी. ती पांढरी तीनची, म्हणजे भूपाचा गंधार. तो खर्ज (खालचा सततचा आधारस्वर) पुरेसा वेळ टिकला की वरची सुरावट मालकंसाकडे कलते. भूपाचे वादी-संवादी (रागातले पहिले आणि दुसरे महत्त्वाचे स्वर) गंधार आणि धैवत, तर मालकंसाचे मध्यम आणि षड्ज. या मांडणीत ते नेमके तेच दोन स्वर आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली असते, एवढेच. मला हा योग फार मोलाचा वाटतो, कारण घर आणि संकट यांना एकाच दोन खांबांवर तोलण्याची सोय त्यात आहे. मात्र नुसत्या खर्जाने राग होत नाही, चलन (स्वरांची वळणे) आणि न्यासही (थांबण्याचे स्वर) बदलावे लागतात. सवयीने खर्जावर पाचवा स्वर चढवण्याचा मोह टाळावा : मालकंसात पंचम वर्ज्य असतो आणि तानपुराही मध्यमात मिळवतात, तेव्हा चेलोंनी षड्ज-मध्यमच धरावा.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, व्हायोलिन, चेलो आणि ट्रॉम्बोनवर चांगली निघते, क्लॅरिनेटवर सरावाने काही अंशी. हार्प आणि पियानोवर तिची अपेक्षा करू नये. गमक आणि आंदोलन (स्वराला दिलेले जोरदार आणि संथ हेलकावे) कागदावर अक्षरशः उतरवायला गेले तर वादक त्यात अडकतो. एका वादकाला गाऊन दाखवावे आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे जावे, हा मार्ग जास्त खात्रीचा.

वाद्यनियोजन : तुतारीला नैसर्गिक स्वरमालेबाहेर जाता येत नाही आणि प्रत्येक तुतारीचा सूर निराळा. आधी तुतारी ऐकून घ्यावी, मग पेडलच्या टिंपनी आणि हॉर्न तिच्या सुराला लावावेत. उलटे करता येत नाही. सनईबाबतही हेच धोरण ठेवावे. संबळ आणि तुणतुणे यांच्याबरोबर गोंधळाचे आख्यान आपोआप येते, तेव्हा निवेदकाच्या जागी ही जोडी शोभते. ढोल-ताशा लक्ष्मी रस्त्यावर अंगावर येतो. बंद सभागृहात एकच ताशा ओबो-बसूनांना पुसून टाकतो. तो वाजेल तेव्हा फक्त ब्रास आणि तालवाद्ये ठेवावीत, नाहीतर ताशाचा ठेका व्हायोलिनांना गजाच्या लाकडाने वाजवायला द्यावा. धुमसते सैन्य दाखवायला हा दुसरा उपाय जास्त परिणामकारक ठरतो.

लेखन आणि सादरीकरण : पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही स्वरलिपी एका सुरावटीसाठी घडल्या. तीस वाद्यांचे एकाच वेळचे स्वर आणि आवाजाचे चढउतार दाखवायला स्टाफ नोटेशन लागते. चाल सा-रे-गमात बांधावी आणि मग म्यूझस्कोर, डोरिको किंवा सिबेलियस या संगणकावरच्या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उतरवावी. म्यूझस्कोरचा लेखनाचा प्रोग्रॅम फुकट आहे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा भाग एक स्वर वर, एफ हॉर्नचा षड्ज-पंचम अंतराने वर लिहावा लागतो. पांढरी एकचा भूप क्लॅरिनेटला पांढरी दोनवरून दिसतो. संगणकातल्या सॅम्पलांवर (वाद्यांच्या मुद्रित स्वरनमुन्यांवर) विसंबू नये. त्यांत बासरीचे मंद्र स्वर ट्रॉम्बोनांवरही ऐकू येतात, मंचावर ते बुडतात.

पुण्यात पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद नाही. देशातला तसा वाद्यवृंद, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ पासून मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेत आहे. म्हणून पुणेकर रचनाकाराने एकच कृती तीन आकारांत लिहावी. पहिला आकार चार तंतुवाद्ये आणि पियानो यांचा. कॅम्पातल्या माझदा हॉलसारख्या, पाश्चात्त्य अभिजात संगीताची सवय असलेल्या जागी तो नीट ऐकू येतो. दुसरा बँडचा : मानाच्या गणपतींपुढे वाजणाऱ्या प्रभात, दरबार यांसारख्या बँडपथकांनी क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियमचा बाज या शहराच्या कानात मुरवला आहे, आणि दे मेय यांच्या उदाहरणावरून तो सिंफनीलाही पुरतो हे दिसते. तिसरा पूर्ण वाद्यवृंदाचा. त्याचे ध्वनिमुद्रण हवे असेल तर बुडापेस्ट, प्राग किंवा स्कोप्ये इथल्या वाद्यवृंदांकडून तासाच्या भाड्याने, इंटरनेटवरून थेट ऐकत ते करून घेता येते. तिथल्या वादकांना राग ठाऊक नसतो, तेव्हा मींडेच्या जागी तिरपी रेघ, आंदोलनाच्या जागी नागमोडी रेघ आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला खर्जाचा स्वर पार्टमध्ये स्पष्ट छापून पाठवावा. सोबत त्या सुरावटी स्वतःच्या आवाजात गाऊन त्याची फाइल जोडावी.