गारपिटीत गहू-ज्वारी गेली? आधी पंचनामा

गारा थांबल्या की पहिला फोन विम्याला जातो. ७२ तासांत तक्रार नोंदवा, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. महाराष्ट्रात मात्र खरीप २०२५ पासून पीक विम्यात स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाई बंद झाली. आता पीक कापणी प्रयोगात, म्हणजे मंडळातल्या काही निवडक शेतांत पीक कापून केलेल्या मोजणीत, उत्पादन घटलेलं दिसलं, तरच विमा मिळतो. तुमच्याच शिवाराला गारांनी झोडपलं असेल, तर उरते ती सरकारी मदत, आणि ती पंचनाम्यावर ठरते.

मुख्य अट ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसानीची. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. जिरायतीला एकरी साडेतीन हजारही पडत नाहीत! दर किंवा मर्यादा शासन निर्णयाने बदलते, म्हणून त्या वेळचा निर्णय बघून घ्या.

पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. तरी तलाठ्याकडे गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि गारपिटीची तारीख लिहून अर्ज द्या, पोच घ्या. पथक आलं की बांधावरून परत जाऊ देऊ नका. गहू लांबून उभा दिसतो. आत गेल्यावर कळतं की ओंब्या मोडून लोंबताहेत आणि दाणे मातीत सांडलेत. भिजलेली ज्वारी काळी पडायच्या आत काढावीच लागली, तर आधी तारीख-ठिकाण उमटणारे फोटो काढा आणि एक पट्टा तसाच राखा.

खरं अडतं ते ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर करायच्या पिकाच्या नोंदीत. सातबाऱ्यावर गहू नोंदलेलाच नसेल, तर पंचनाम्यात वाद होतो. विहीर किंवा बोअर सिंचनाचं साधन म्हणून नोंदवलेलं नसेल, तर बागायती गहूही जिरायत दरात बसू शकतो. ही नोंद हंगामातच करायची असते, गारा पडल्यावर नाही.

जवळ ठेवा: सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि शेतकरी ओळख क्रमांक. सामायिक खातं असेल, तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावकीत बोलणं बंद असेल तर हाच कागद सगळ्यात जड जातो.

मदतीच्या यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक मिळतो. केवायसी (ओळखीची पडताळणी) करायला सांगितलं, तर तो क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा द्यायचा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात पडतात, त्यामुळे आधार नेमका कुठल्या बँकेला जोडलाय ते आधीच तपासा.