‘ग्रिम’ मालिका आणि ‘व्हेसन’ हा शब्द : पार्श्वभूमी

लाल टोपीचा स्वेटशर्ट घातलेली एक मुलगी कानात गाणं लावून जंगलातल्या पायवाटेवरून धावत असते. वाटेच्या कडेला तिला चिनीमातीची चिमुकली मूर्ती दिसते. ती थबकते आणि त्याच क्षणी झाडीतून कुणीतरी तिच्यावर झडप घालतं. 28 ऑक्टोबर 2011 ला अमेरिकेत ‘ग्रिम’ची सुरुवात अशी झाली. पुढे पोलीस एका पोस्टमनच्या घरून चौकशी करून परततात, तेव्हा हा माणूस मुलीच्या कानातलंच गाणं गुणगुणत होता, हे एका पोलिसाच्या ध्यानात येतं. लाल टोपीवाल्या मुलीच्या परीकथेतला लांडगा पोलिसी पुराव्यात पकडणं, हे या मालिकेचं खरं कसब.

ही कल्पना मुळात वेगळ्याच वाहिनीसाठी आकाराला येत होती. 2007-08 च्या अमेरिकी पटकथालेखकांच्या संपात ती बारगळली. 2011 मध्ये दुसऱ्या वाहिनीने ती उचलली आणि शुक्रवार रात्रीची वेळ दिली. ही वेळ मालिकांना मारक समजली जाते. भरीस भर म्हणजे परीकथांवरचीच आणखी एक मालिका तिसऱ्या वाहिनीवर अवघे पाच दिवस आधी सुरू झाली होती. तरीही ‘ग्रिम’चे सहा हंगाम आणि 123 भाग झाले. याचं मोठं श्रेय मी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराला देईन. तिथे चित्रित होणाऱ्या मालिकांत ते अनेकदा दुसरंच शहर म्हणून वावरतं. इथे ते पोर्टलंड म्हणूनच आलं, शहराच्या हद्दीतल्या घनदाट अरण्यासह.

परीकथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंचा कथासंग्रह 1812 चा, म्हणजे दुसरा हंगाम सुरू असताना त्याला 200 वर्षं झाली. लांडग्याच्या पोटातून लाल टोपीवाल्या मुलीला बाहेर काढणारा शिकारी त्यांच्या पुस्तकात आहे. याच गोष्टीच्या 1697 च्या फ्रेंच रूपात मुलगी वाचतच नाही. मालिकेने या बंधूंच्या आडनावाचंच कुळ केलं. ‘ग्रिम’ म्हणजे माणसाच्या रूपात दडलेले जीव ओळखणारा वंशपरंपरागत शिकारी. नायक निक खून-तपास पथकातला डिटेक्टिव्ह आणि याच कुळातला.

या जिवांना मालिकेने दिलेलं नाव ‘व्हेसन’, मूळचा जर्मन शब्द. त्यावरून जर्मन जाणणारे आजही नाराज असतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मूळ उच्चार ‘व्हेझन’ असा. मालिकेतला उच्चार जर्मन कानाला ‘कुणाचा’ या अर्थाच्या शब्दासारखा लागतो. लांडगा-माणसाला ‘ब्लुटबाड’ म्हटलंय, त्याचा खरा अर्थ कत्तल. कोल्हा-माणूस ‘फुक्सबाऊ’, म्हणजे कोल्ह्याचं बीळ. उंदीर-माणसांचं ‘रायनिगन’ तर चक्क क्रियापद आहे, अर्थ साफ करणे. ज्या भावांनी जर्मन शब्दकोशाला आयुष्य वाहिलं, त्यांच्या नावाच्या मालिकेत ही हेळसांड जिव्हारी लागते.

पण खुद्द ‘व्हेसन’ ही निवड मला अचूक वाटते. मूळ जर्मन शब्दाचा साधा अर्थ अस्तित्व, जीव. त्यात राक्षस नाही, भूत नाही, पापही नाही. संस्कृत ‘वस्’ आणि आपलं ‘वसणं’, ‘वस्ती’ यांच्याशी त्याचं मूळ एक आहे. मालिकेतही हे जीव शहरात वस्ती करूनच आहेत. ते कर भरतात, मुलं वाढवतात, कुणी मसाले-औषधींचं दुकान चालवतं. मन्रो जातीने ब्लुटबाड, पण घड्याळं दुरुस्त करतो आणि मांसाला शिवत नाही. त्याला राक्षस म्हटलं असतं तर निकच्या हाती कुऱ्हाडीशिवाय काही उरलं नसतं. जीव म्हटल्यावर साक्ष लागते, अटक लागते, निर्दोष असण्याची शक्यता धरावी लागते. निकच्या मावशीच्या ट्रेलरमधल्या, म्हणजे गाडीला जोडायच्या फिरत्या घरातल्या, जुन्या वह्यांत मुंडकी उडवण्याच्या कृती लिहिलेल्या आहेत. निक त्या वाचतो आणि मन्रोला मदतीला बोलावतो. ही पोलीसकथा आहे ती या एका शब्दामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे मेक्सिकोच्या लोककथेतली रडणारी बाई आली, फिलिपिन्सच्या लोककथेतली अस्वांग आली आणि जर्मन नावांची चौकट आपसूक सैल झाली. ‘व्हेसन’ मात्र सगळ्यांना पुरला. 31 मार्च 2017 च्या अखेरच्या भागात कथा वीस वर्षं पुढे जाते. ट्रेलरमधल्या वहीत आता निकचा मुलगा लिहीत असतो, आणि तो मोहिमेवर निघतो तेव्हा मन्रोची तिळी मुलंही सोबत येणार असतात.