पाईप वाळला की फुगला? जुन्या गाडीचं रबर आणि ई२० पेट्रोल

बॉनेट उघडलं आणि पेट्रोलचा वास आला, की बेळगाव-निपाणीकडे दोनच निदानं कानावर येतात. "गाडी जुनी आहे, पाईप वाळलाय," नाहीतर "ह्या इथेनॉलनं खाल्लं." इथेनॉल म्हणजे उसापासून बनणारं अल्कोहोल; ई२० पेट्रोलमध्ये ते २० टक्के असतं. मारुती ८००, पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर जपून चालवणारी माणसं आपल्या भागात अजून आहेत. त्यांना हा फरक कळायलाच हवा, कारण दोन्हींवर इलाज एक नाही.

वयानं वाळलेला पाईप ओळखणं सोपं आहे. इंजिनची धग आणि हवेतला ओझोन यांनी तो बाहेरच्या अंगानं कडक होत जातो. वाकवला की बारीक भेगा उघडतात, त्याही आधी वळणावर आणि क्लिपच्या कडेला. नख रुतत नाही. पेट्रोल कुठलंही भरा, हे कधीतरी होणारच.

इथेनॉलचं काम आतून चालतं. या गाड्यांमधले पाईप, डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा), ओ-रिंग बहुतेक नायट्राइल रबराचे. साध्या पेट्रोलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकलं. पण नुसतं पेट्रोल किंवा नुसतं इथेनॉल जेवढं फुगवतं, त्याहून दोघांचं मिश्रण नायट्राइलला जास्त फुगवतं. आपल्या देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर पोचलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूत ई२० ची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलं. पद्मिनीचा पाईप बनवताना हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

फुगलेला पाईप बाहेरून धडधाकट, कधीकधी नव्यासारखाच दिसतो. धोका तिथंच आहे. हाताला तो मऊ, किंचित चिकट लागतो. क्लिपच्या दोन्ही बाजूंनी रबर वर आलेलं असतं. निपलवरून, म्हणजे पाईप ज्या तोटीवर बसतो तिथून, ओढताना लांबतो, आणि आतला थर उसाचं पाचट सुटावं तसा सुटून येतो. हाच सुटा थर पुढं पेट्रोलची वाट अडवतो. मग गाडी चढावर दम टाकते आणि दोष कार्बोरेटरवर येतो.

खरा गोंधळ पुढं आहे. रबर लवचीक ठेवणारे तेलकट घटक फुगलेल्या अवस्थेत पेट्रोलबरोबर वाहून जातात. मग गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिली, पेट्रोल उडून गेलं, की तोच पाईप आकसतो आणि कडक होतो. आता तो हुबेहूब वयानं वाळल्यासारखा दिसतो. अशा वेळी पाईप काढून ब्लेडनं उभा चिरावा. बाहेरची बाजू बरी आणि भेगा आतल्या भिंतीवर असतील, तर बहुधा ते पेट्रोलचं काम. बाहेर भेगा आणि आत गुळगुळीत, तर वयाचं.

वयाचा दोष असेल तर पाईप बदलला की झालं. पेट्रोलचा असेल तर तसलाच साधा काळा पाईप पुन्हा बसवून उपयोग नाही, काही काळानं तोही फुगणार. दुकानात पाईपवरची छपाई वाचा. 'एसएई जे३० आर९' (SAE J30 R9) असं असलं, तर आतला थर फ्लुओरो-रबराचा असतो. त्यालाच व्हिटॉन म्हणून ओळखतात. महाग पडतो, पण इथं पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅम्बेसिडरमध्ये कार्बोरेटर आणि धूर बाहेर नेणारा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनच्या एकाच बाजूला आहेत. तिथं झिरपणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

पाईप दिसतो तरी, टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्राम दिसत नाही. तो खराब झाला की पेट्रोल इंजिन ऑईलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी चालवू नका. पंपाचं किट घेताना ते ई२० ला चालतं का, हे स्पष्ट विचारा.

काही जण इथेनॉल टाळायला कागल-कोल्हापूरला टाकी भरायचा सल्ला देतात. त्यात अर्थ नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना मिश्रण तेच, फरक फक्त दरात. इथेनॉल तर आपल्याच उसाचं आहे. उगार, अथणी, संकेश्वर पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या उसाला त्यानं आणखी एक गिऱ्हाईक दिलं, आणि ते मला मोलाचं वाटतं. पण म्हणून जुन्या रबराचं नुकसान होतच नाही असं सांगणं बरोबर नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत ई२० ला टिकणारं साहित्य वापरलं आहे. त्याआधीच्या गाडीची काळजी मालकालाच घ्यावी लागते.

पाईप बदलल्यावर फिल्टरही नवा टाका आणि महिन्याभरानं उघडून बघा. इथेनॉल जुन्या टाकीतला थर सोडवतं, त्यामुळं थोडी घाण येणारच. ती चिमटीत चोळा. खरखरीत तांबूस लागली तर टाकीचा गंज. बोटाला काळं फासलं गेलं, तर अजून कुठंतरी जुनं रबर शिल्लक आहे.