खाल्लेल्या शेवाळाचा ऑक्सिजन

पुतणी दहावीत आहे. तिने वाचलेल्या एका विज्ञानकथेत माणसांनी राहण्याजोगा करून घेतलेला एक ग्रह आहे आणि त्याच्या समुद्रात एकच एक बहुगुणी शेवाळ. लोक त्याची भाजी करतात, ते वाळवून चुलीत घालतात, त्याच्या धाग्यांचे कपडे विणतात. हवेतला सगळा ऑक्सिजनही तेच पुरवतं. "काका, असं होऊ शकतं का?" मी म्हटलं, कपड्यांपर्यंत सगळं होईल. गाडी अडते ती ऑक्सिजनपाशी.

बहुगुणीपणाबद्दल माझी तक्रार नाहीच. आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रास लाल समुद्री शेवाळातून येतं. कवळीचं माप घ्यायला दातांचे डॉक्टर तोंडात जो लगदा भरतात, तो तपकिरी शेवाळातल्या अल्जिनेटचा. आयोडीन 1811 साली बर्नार कुर्त्वाला सापडलं तेही शेवाळाच्या राखेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं राक्षसी केल्प अनुकूल दिवसांत रोज अर्धा मीटर वाढतं. लेखकाने फार ताणलंय असं नाही.

आता ऑक्सिजन. शाळेतलं समीकरण आठवा: कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, वर ऊन, त्यातून साखर अधिक ऑक्सिजन. (हा ऑक्सिजन पाण्यातला असतो, हे रुबेन आणि कामेन यांनी 1941 साली जड ऑक्सिजन, म्हणजे जरा जास्त वजनाच्या अणूंचा ऑक्सिजन, वापरून दाखवलं. आपल्या जमाखर्चात त्याने फरक पडत नाही, पण मला तो प्रयोग फार आवडतो.) हेच समीकरण उलटं वाचलं की आपलं जेवण होतं. चूल तेच करते आणि कुजवणारे जिवाणूही तेच. वेग निराळा, हिशेब एकच. किलोभर शेवाळ वाढताना जेवढा ऑक्सिजन सुटला, तेवढाच ते खाताना, जाळताना किंवा कुजताना परत जातो.

मी एकदा विहिरीतलं मूठभर हिरवं तंतुमय शेवाळ बरणीत घालून खिडकीत ठेवलं होतं. दुपारी बाराच्या सुमारास तंतूंवर मोत्यांसारखे बुडबुडे धरायचे, बरणी हलवली की सुटून वर यायचे. मग झाकण घट्ट लावून बरणी कपाटात टाकली आणि विसरलो. तीन आठवड्यांनी उघडली तर सडक्या अंड्याचा भपकारा. ऑक्सिजन केव्हाच संपला होता; त्याच्याशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी कारभार हाती घेतला होता.

जाता जाता: पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हा संदेश मला वर्षातून चारदा तरी येतो. अंधारात कुठलंच झाड ऑक्सिजन सोडत नाही. पिंपळही रात्री आपल्यासारखाच श्वास घेतो.

मग पृथ्वीच्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन साठला कसा? हिशेबातल्या गळतीमुळे. वनस्पती आणि शेवाळं जेवढा कार्बन बांधतात, त्यातला हजारात एखादाच भाग, कधी त्याहूनही कमी, कुजण्याआधी समुद्रतळाच्या गाळात गाडला जातो. त्याच्या वाटचा ऑक्सिजन परत मागायला कोणी उरत नाही. बस, एवढीच शिल्लक. सुरुवातीला तीही समुद्रात विरघळलेल्या लोखंडाला गंजवण्यात खर्ची पडली असावी. जगभरचे जुने पट्टेदार लोहखडक, गोव्याच्या खाणींतले धरून, त्याच काळातले. हवेत ऑक्सिजन टिकू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. अॅमेझॉनचं जंगलही आपण बनवलेला ऑक्सिजन जवळजवळ सगळा स्वतःच संपवतं. त्याला 'जगाची फुप्फुसं' म्हणणं हे भाषणापुरतं ठीक.

हाच हिशेब मंगळावर मांडू. तिथला हवेचा दाब साधारण 6 मिलिबार, त्यातला 95 टक्के वायू कार्बन डायऑक्साइड. एवढ्या दाबाला पाणी द्रवरूपात जेमतेम टिकतं, म्हणजे समुद्राचा प्रश्न मुळातच आहे. तो सोडून देऊ. समजा, शेवाळाने त्या वायूचा शेवटचा रेणूसुद्धा वापरला आणि सगळं शेवाळ न कुजता पुरलं गेलं. प्रत्येक रेणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू मिळेल. पण 44 वजनाच्या रेणूच्या जागी 32 वजनाचा आला, आणि वातावरणाचा दाब म्हणजे शेवटी त्या हवेचं वजनच. म्हणून 6 चे 95 टक्के म्हणजे 5.7, गुणिले 32 भागिले 44: ऑक्सिजन भरेल जेमतेम 4 मिलिबार. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो 70 असतो, मुंबईत 210 च्या आसपास.

बरं, ध्रुवांवरचा बर्फ वितळवून, माती तापवून आणखी वायू काढला तर? जॅकोस्की आणि एडवर्ड्स या संशोधकांनी 2018 साली हा हिशेब केला. सहज हाती लागेल तो सगळा काढला तरी दाब 20 मिलिबारच्या घरात. शिवाय मंगळ उबदार ठेवायला हाच वायू पांघरूण म्हणून हवा, आणि शेवाळ नेमकं तेच पांघरूण खाणार. मंगळावर वस्तीच्या जाहिराती करणारे हा भाग सांगत नाहीत.

पुतणीच्या कथेत गोम अशी, की शेवाळ जितकं उपयोगी, तितका त्याचा ऑक्सिजन कमी. भाजी केलीत, गेला. चुलीत घातलंत, गेला.

"आणि कपडे?" तिने विचारलं.

कपडे चालतील. तेवढा कार्बन अंगावर अडकून राहतो. फाटल्यावर चिंध्या मात्र जाळायच्या नाहीत.

"मग गोधड्या शिवायच्या," ती म्हणाली.