शापोऱ्याच्या काठी, सुकतीच्या वेळी

पक्षी पाहायचे तर उजाडण्यापूर्वी घर सोडावे, हा संकेत रानासाठी योग्य असला तरी खाडीसाठी पुरेसा नाही. गोव्यातील पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या उत्तर काठाने चोपडे, आगरवाडा, मोरजी असा हिवाळी फेरफटका मारणारा आमचा गट निघण्याची वेळ भरती-सुकतीचे कोष्टक पाहूनच ठरवतो. भरती दररोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे या रविवारी सकाळी सात वाजता उघडा पडलेला चिखल पुढच्या रविवारी त्याच वेळी पाण्याखाली असतो आणि त्यावर चरणारे पक्षीही तेथे नसतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाला, पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो बराच कमी असतो, तेव्हा चिखलाचा पट्टाही अरुंदच उघडतो.

हा चिखल मुळात साठतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. सह्याद्रीतून तिळारीच्या खोऱ्याने उतरणारी ही नदी पावसाळ्यात गाळ घेऊन येते. गोड्या पाण्यात सुटे तरंगणारे मातीचे बारीक कण खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि संथ पाण्यात तळाशी बसतात. पाऊस सरला की नदीचा प्रवाह क्षीण होतो आणि समुद्राचे पाणी दूरवर आत शिरते. उघड्या चिखलावर जी तपकिरी झाक दिसते, ती डायटम या एकपेशीय शैवालाची असते. त्याखाली काही मिलिमीटरवरच प्राणवायू संपतो. काठीने उकरल्यास काळा, गंधकासारख्या वासाचा थर लागतो. तरीही कृमी, खेकडे आणि तिसऱ्या त्यात राहतात, कारण बिळांतून किंवा नळ्यांतून ते वरच्या पाण्याशी संपर्क ठेवतात.

एवढ्याशा पट्ट्यात इतक्या जातींचे पक्षी एकत्र कसे चरतात, याचे उत्तर बरेचसे चोचींच्या लांबीत आहे. चिमणीएवढा छोटा टिलवा आपल्या दोनेक सेंटिमीटरच्या चोचीने पृष्ठभागावरचे बारीक जीव टिपतो. लाल पायांच्या टिलव्याची चोच चारेक सेंटिमीटर खाली पोहोचते. कोरल (कर्ल्यू) या मोठ्या पक्ष्याची खाली वळलेली चोच दहा सेंटिमीटरहून बरीच लांब असते, मादीची नराहून अधिक, त्यामुळे खोल बिळात दडलेला खेकडाही त्याच्या तावडीतून सुटतोच असे नाही. शिवोली-चोपडे पुलाच्या खालच्या अंगाला दुर्बिणीतून एक कोरल बराच वेळ पाहता आला. त्याने चोच जवळजवळ डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसली, मान किंचित फिरवली आणि खेकडा बाहेर ओढला. मग एकेक नांगी आणि पाय झटकून वेगळे होईपर्यंत त्याने तो हलवला, पाण्यात बुचकळला आणि उरलेले धड गिळले.

चिखलात काहीही दिसत नसताना भक्ष्य सापडते, ते स्पर्शामुळे. टिलवे आणि कोरल ज्यात येतात, त्या तुतवारांच्या कुळातील अनेक पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी, हाडातील सूक्ष्म खळग्यांत, दाब आणि कंप जाणणारी संवेदी टोके दाटीने असतात. शिवाय यांतील कित्येकांना संपूर्ण चोच न उघडता केवळ टोक उघडता येते. खोल चिखलात सबंध चोच फाकवणे किती कष्टाचे, हे सांगायला नको. याच कुळातील नॉट या पक्ष्यावर १९९८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की ओल्या वाळूत चोच खुपसल्यावर पाण्याच्या दाबात होणाऱ्या बदलावरून तो शिंपल्यांची जागा ओळखतो. चिखल्या (प्लोव्हर) या पक्ष्यांची रीत अगदी निराळी. मोठे डोळे, आखूड चोच. थोडे धावायचे, थबकायचे, पाहायचे आणि टिपायचे. सुकती रात्रीही येत असल्याने दोन्ही प्रकारचे पक्षी रात्रीदेखील चरतात.

भरती चढू लागली की हे थवे आगरवाड्याची मिठागरे आणि खाजन शेते, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल शेते, गाठतात. बांधातील मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दारे पाण्याच्या दाबाने मिटतात आणि भरतीचे पाणी बाहेरच थोपवले जाते. आतल्या उथळ, मोकळ्या जागेत पक्षी पाय टेकून विसावा घेतात, तर शेकाटे तेथेच चरतात. मीठ पिकवणे थांबले की अशा आगरात हळूहळू खारफुटी दाटते आणि ही मोकळी जागा संपते. खारफुटी मोलाची खरी, पण दिसेल त्या उघड्या चिखलावर तिची रोपे लावण्याचा उत्साह मला तरी अनाठायी वाटतो. दाट झाडीत शिकारी पक्षी दडू शकतो, म्हणून चिखलपक्षी तिथे बसत नाहीत.

मोरजीला नदीच्या मुखाशी वाळूवर कुरवांचे (गल पक्ष्यांचे) थवे बसतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके या दिवसांत पांढरे असते, डोळ्यामागे तेवढा एक गडद ठिपका उरतो. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करणारा हा पक्षी येथे खारे पाणी पितो. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी जादा मीठ गाळतात आणि तो द्राव नाकपुड्यांतून ठिबकतो. उडत्या थव्याचे छायाचित्र मिळावे म्हणून धावत जाऊन तो उठवणारे लोक दर हिवाळ्यात दिसतात. अशा प्रत्येक उड्डाणात परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते, आणि एप्रिलपर्यंत तीच साठवायची असते.

एप्रिलमध्ये वाळूतल्या छोट्या चिखल्यांच्या छातीवर विटकरी पट्टा उमटू लागतो आणि प्रौढ पक्षी हिमालयापलीकडे निघतात. पहिल्याच वर्षाचे काही पक्षी मात्र वीण करणार नसल्याने किनाऱ्यावरच राहतात. जूनमध्ये, पहिल्या पुराने खाडीचे पाणी गढूळ आणि गोडे होत असताना, राखी-तपकिरी पिसाऱ्यातले असे पक्षी मोरजीच्या वाळूवर पाहायला मिळतात.