फ्रेम न टाकणारा स्विच: सॅनची जोडणी आणि निगराणी

ऑफिसातल्या साध्या नेटवर्क स्विचवर गर्दी झाली की तो काही पॅकेट सरळ टाकून देतो. टीसीपी ती काही मिलिसेकंदांत पुन्हा मागवून घेते, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणाऱ्या वेगळ्या जाळ्याला सॅन (स्टोरेज एरिया नेटवर्क) म्हणतात; त्यात मधे बसणाऱ्या फायबर चॅनल स्विचला ही मुभा नाही. तिथे फ्रेम, म्हणजे तिथले पॅकेट, हरवली तर ती पुन्हा पाठवणारे मधे कुणी नसते. सर्व्हर उत्तराची वाट बघत राहतो. लिनक्समध्ये डिस्कसाठी ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते, आणि ती संपल्यावर ती वाचायची किंवा लिहायची आज्ञा पहिल्यापासून द्यावी लागते. चालत्या डेटाबेसला अर्धा मिनिट डिस्कच मिळाली नाही तर काय होते, हे बँकेच्या रांगेत उभ्या माणसालाही कळते.

म्हणून १९९४ साली अमेरिकेच्या एएनएसआय संस्थेने फायबर चॅनलचे पहिले प्रमाण मंजूर केले तेव्हापासून नियम एकच आहे: समोर जागा असल्याची खात्री असेल तरच फ्रेम पाठवायची. घरगुती गॅसचा रिकामा सिलिंडर दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही, तसाच हा व्यवहार. जोडणी होताना दोन्ही टोके एकमेकांना आपल्याकडे किती बफर, म्हणजे आलेली फ्रेम तात्पुरती ठेवायच्या जागा, मोकळे आहेत ते सांगतात. या आकड्याला बफर क्रेडिट म्हणतात. एक फ्रेम पाठवली की एक क्रेडिट कमी होते. समोरच्याने बफर रिकामा करून 'आर-रेडी' हा इशारा पाठवला की ते परत मिळते. क्रेडिट शून्यावर आले की पाठवणे थांबते. फ्रेम हरवत नाही, पण मागे रांग लागते. सॅनमधल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या रांगेत असते. स्विच बसवताना घ्यायची काळजीही बरीचशी तिच्यासाठीच असते.

पुढे ब्रोकेडच्या स्विचचे उदाहरण धरले आहे. सिस्को एमडीएसच्या आज्ञा निराळ्या आहेत आणि तिथे व्हीसॅन नावाचा एक जादा थर आहे, पण तत्त्व तेच.

स्विच कधीही एकटा घेऊ नये. दोन घ्यावेत आणि ते एकमेकांना जोडू नयेत. प्रत्येक सर्व्हरच्या एचबीए कार्डाचा (सर्व्हरला सॅनशी जोडणाऱ्या कार्डाचा) एक पोर्ट 'ए' स्विचला, दुसरा 'बी'ला. स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरमधून प्रत्येकी किमान एक केबल ए-ला आणि एक बी-ला. ही दोन स्वतंत्र फॅब्रिक, म्हणजे स्विचांची जाळी, झाली. 'दोन्ही स्विच जोडले तर आणखी एक वाट मिळेल' असा मोह हमखास होतो. पण जोडल्याबरोबर झोनिंगची (कुणी कुणाला दिसायचे याच्या यादीची) माहिती दोघांत एकच होते, आणि एका चुकीच्या आज्ञेने दोन्ही बाजू एकदम बंद पडतात. दोन फॅब्रिक ठेवण्याचा सगळा फायदा तिथेच संपतो.

रॅकमध्ये बसवण्याआधी पंख्याची दिशा बघावी. काही मॉडेल पोर्टच्या बाजूने हवा आत घेतात, काही मागून. उलट बसले तर स्विच शेजारच्या सर्व्हरची गरम हवा ओढत राहतो. आता एसएफपी, म्हणजे पोर्टमध्ये खोचायचा, केबलमधून प्रकाश पाठवणारा आणि घेणारा छोटा भाग. ३२ गिगाबिटचा एसएफपी ३२, १६ आणि ८ या वेगांवर बोलतो. १६ चा एसएफपी १६, ८ आणि ४ वर. त्यामुळे नव्या स्विचला ४ गिगाबिटचे जुने टेप ड्राइव्ह लावले की लिंक येतच नाही. मग केबल बदलून, पोर्ट बदलून दिवस जातो, आणि उत्तर एसएफपीवरच्या लेबलवर छापलेले असते. केबलचेही अंतर ठरलेले आहे. ओएम-३ या फिरोजी रंगाच्या मल्टिमोड केबलवर १६ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालते, ३२ मात्र ७० मीटरपर्यंतच; ओएम-४ वर हेच आकडे १२५ आणि १०० होतात. हा हिशेब मधल्या जोडांमध्ये मिळून सुमारे दीड डेसिबल प्रकाश वाया जाईल असे धरून केलेला आहे. वाटेत तीन-चार पॅच पॅनेल असतील तर ती शिल्लक तिथेच संपते.

पहिली ओळख सीरियल केबलने: ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. कारखान्यातून येताना ब्रोकेडचा आयपी सहसा १०.७७.७७.७७ असतो, 'आयपीअ‍ॅड्रसेट' या आज्ञेने तो बदलावा आणि मूळचे पासवर्ड लगेच मोडीत काढावेत. वेळ एनटीपी सर्व्हरकडून घ्यावी, टाइमझोन कोलकात्याचा लावावा. हे काम किरकोळ वाटते, पण बिघाडाच्या रात्री स्विच, सर्व्हर आणि स्टोरेज या तिघांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचायच्या असतात, आणि तेव्हा घड्याळे जुळली नसतील तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच कळत नाही.

मग डोमेन आयडी. १ ते २३९ मधला हा आकडा प्रत्येक स्विचची ओळख असतो. नवे स्विच बहुधा १ घेऊनच येतात आणि बरेच जण तो तसाच ठेवतात. पुढे कधी दोन स्विच जोडायची वेळ आली की दोघांचा डोमेन १, आणि ती जोडणी 'सेगमेंटेड' म्हणून बंद. ए-ला १७ आणि बी-ला ३३ द्यावा. हे आकडे मुद्दाम निवडले आहेत: हेक्साडेसिमलमध्ये ते ११ आणि २१ होतात. प्रत्येक पोर्टला मिळणारा २४ बिटांचा पत्ता डोमेन, एरिया आणि पोर्ट अशा तीन भागांचा असतो, आणि स्विचवरच्या पोर्टचा क्रमांक इथे मधल्या, एरियाच्या भागात दिसतो. म्हणून लॉगमध्ये ११०४०० दिसले की ए फॅब्रिक, पोर्ट ४ हे आकडेमोड न करता समजते. २१०४०० म्हणजे बी-चा पोर्ट ४. डोमेन बदलायला 'स्विचडिसेबल' करावे लागते, 'कॉन्फिगर'मध्ये आकडा भरून 'स्विचएनेबल'. यात सर्व पोर्टांचे पत्ते बदलतात, आणि पत्त्यावर डिस्क बांधून ठेवणाऱ्या जुन्या युनिक्स यंत्रणा त्यामुळे डिस्क गमावतात. तेव्हा हे काम पहिल्या दिवशीच उरकावे.

पोर्ट जोडल्यावर 'स्विचशो'मध्ये प्रत्येकासमोर 'ऑनलाइन', 'एफ-पोर्ट' (म्हणजे पलीकडे सर्व्हर किंवा स्टोरेज आहे) आणि सोळा अंकी डब्ल्यूडब्ल्यूपीएन दिसायला हवा. हा प्रत्येक पोर्टचा जन्मजात क्रमांक. एम्युलेक्स कार्डांचा सहसा १०:०० ने, क्यूलॉजिकचा २१:०० ने आणि स्टोरेजचा बहुधा ५० ने सुरू होतो, म्हणून भलतीच केबल भलत्या ठिकाणी लागली असेल तर पहिल्या दोन आकड्यांतच कळते. 'नो-लाइट' दिसले तर प्रकाशच पोचत नाही: एलसी कनेक्टरमधली दोन टोके उलटी आहेत, केबल तुटली आहे, किंवा पलीकडचा पोर्ट बंद आहे. काही पोर्ट लायसन्सअभावी बंद असू शकतात. २४ पोर्टचा डबा घेतला आणि चालू फक्त ८, हे विक्रीच्या कागदात बारीक अक्षरात असते.

आता झोनिंग, म्हणजे कुणी कुणाला दिसायचे याची यादी. ब्रोकेडवर आधी 'अ‍ॅलीक्रिएट'ने डब्ल्यूडब्ल्यूपीएनला माणसाला वाचता येईल असे टोपणनाव द्यायचे, 'झोनक्रिएट'ने झोन करायचा, 'सीएफजीअ‍ॅड'ने तो चालू कॉन्फिगरेशनमध्ये घालायचा, 'सीएफजीसेव्ह'ने जतन करायचे आणि 'सीएफजीएनेबल'ने लागू करायचे. जतन केले पण लागू केले नाही, ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपद्रवी चूक. उपद्रवी चूक उलटी आहे. नवा झोन करताना कुणीतरी 'सीएफजीअ‍ॅड'ऐवजी 'सीएफजीक्रिएट'ने नवे कॉन्फिगरेशन बनवतो आणि तेच लागू करतो. त्यात एकच झोन असतो. एका वेळी एकच कॉन्फिगरेशन लागू राहते, त्यामुळे बाकीचे सगळे सर्व्हर त्याच क्षणी स्टोरेजपासून तुटतात. म्हणून एनेबल करण्याआधी 'सीएफजीशो' वाचावे, बदल आधी फक्त ए-वर करावा, सर्व्हरवर 'मल्टिपाथ' आज्ञेने सर्व वाटा जिवंत असल्याचे बघावे आणि मगच बी-कडे वळावे.

एका झोनमध्ये एकच सर्व्हर-पोर्ट ठेवावा, सोबत त्याला लागणारे स्टोरेज पोर्ट. कंटाळा करून दहा सर्व्हर आणि चार स्टोरेज पोर्ट एकाच झोनमध्ये टाकता येतात, चालतेही. पण स्विचचे हार्डवेअर मग चौदा सभासदांच्या, दोन्ही दिशा धरून, १८२ जोड्यांना परवानगी देते, गरज मात्र ८० चीच असते. शिवाय झोनमधला एखादा सर्व्हर रीस्टार्ट झाला की 'काहीतरी बदलले' अशी सूचना त्या झोनमधल्या सगळ्यांना जाते, आणि एकाच्या चाळवाचाळवीने बाकीचे नऊ दचकतात. 'डिफझोन' आज्ञेने झोनबाहेरच्यांना प्रवेश नाही असेही पक्के करून ठेवावे. नाहीतर कॉन्फिगरेशन चुकून काढले गेले तर सर्वांना सर्व दिसू लागण्याचा धोका असतो. झोनिंग फक्त भेट घडवते, हेही ध्यानात असावे. कोणती डिस्क कुणाची, ते स्टोरेजवरच्या मास्किंगमध्ये ठरते.

दोन इमारतींतले स्विच जोडायचे असले की क्रेडिटचा हिशेब उघडा पडतो. काचेतून प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, आणि क्रेडिट परत यायला तेवढेच. १६ गिगाबिटवर २१४८ बाइटची पूर्ण फ्रेम पाठवायला सव्वा ते दीड मायक्रोसेकंद. म्हणजे किलोमीटरला साधारण ८ क्रेडिट लागतात. सोपे सूत्र: किलोमीटर गुणिले गिगाबिट, भागिले दोन. वांद्रे-कुर्ला संकुलातून ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरपर्यंत केबलची लांबी ३० किलोमीटर धरली तर २४० क्रेडिट हवीत. फ्रेम निम्म्या आकाराच्या असतील तर त्याच्या दुप्पट. नेहमीचा लाँगवेव्ह एसएफपी १० किलोमीटरपर्यंतचाच असतो, तेव्हा त्यापुढे जास्त पल्ल्याचा एसएफपी किंवा डीडब्ल्यूडीएम (एकाच काचेतून अनेक रंगांचा प्रकाश नेणारी यंत्रणा) लागते. ते घेतले जाते, पण क्रेडिटचे कुणी बघत नाही. स्विच-स्विच जोडणीवर २६ क्रेडिट असतील तर १६ गिगाबिटच्या त्या वाटेवरून जेमतेम पावणेदोन गिगाबिट जातात. एकही त्रुटी नोंदली जात नाही, लिंक हिरवी असते. 'पोर्टबफरशो'मध्ये आकडा बघून 'पोर्टसीएफजीलाँगडिस्टन्स'ने तो वाढवावा लागतो.

जवळच्या अंतरावरही हीच रांग दुसऱ्या रूपात भेटते. सर्व्हरचे कार्ड ८ गिगाबिटचे आणि स्टोरेज ३२ चे असेल, आणि सर्व्हरने एकदम मोठे वाचन मागवले, तर स्टोरेज चौपट वेगाने ओतते. सर्व्हर क्रेडिट सावकाश परत करतो, रांग स्विच-स्विच जोडणीपर्यंत मागे सरकते आणि त्याच वाटेने जाणारे निरोगी सर्व्हरही अडकतात. तक्रार या निरोगी सर्व्हरकडून येते, म्हणून शोध चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. बघायचा काउंटर 'पोर्टस्टॅट्सशो'मधला 'टिम-टीएक्स-क्रेड-झेड': पाठवायला फ्रेम आहे पण क्रेडिट नाही, असे आढळले की तो दर अडीच मायक्रोसेकंदाला एकाने वाढतो. एकूण आकड्याला अर्थ नाही. 'स्टॅट्सक्लिअर' करून दहा मिनिटांनी बघावे, ज्या सर्व्हर-पोर्टवर तो झपाट्याने चढतो तो दोषी. फ्रेम स्विचमध्ये फारच रखडली, मुदत जास्तीत जास्त अर्ध्या सेकंदाची, तर स्विचलाही ती शेवटी टाकून द्यावी लागते आणि सुरुवातीला सांगितलेले ते ३० सेकंद वाट्याला येतात. उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यापेक्षा ते कार्ड बदलणे किंवा स्टोरेजचा त्याच्यासाठीचा पोर्ट वेगळा करणे बरे.

'पोर्टएररशो'चा तक्ता पहिल्यांदा बघणारा घाबरतो, कारण एका खराब केबलचे सीआरसी दोष (फ्रेममधली तपासणी-बेरीज न जुळण्याचे दोष) पुढच्या अनेक पोर्टांवर दिसतात. त्यात 'सीआरसी जी-ईओएफ' हा रकाना शोधावा. फ्रेम बिघडलेली आहे, पण तिच्या शेवटावर अजून कुणी 'खराब' असा शिक्का मारलेला नाही, अशा फ्रेम तिथे मोजल्या जातात. म्हणजे ती याच लिंकवर बिघडली. बाकीचे पोर्ट नुसते दुसऱ्याचे दुखणे मोजत असतात. दोषी लिंक सापडली की 'एसएफपीशो'मध्ये येणाऱ्या प्रकाशाची पातळी बघावी: नीट लिंकवर ती उणे २ ते उणे ५ डीबीएमच्या आसपास असते, उणे १० कडे सरकलेली लिंक फार दिवस टिकत नाही. एसएफपी मागवण्याआधी दोन्ही टोके क्लिक-क्लीनरने पुसावीत. मल्टिमोड केबलचा गाभा ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक असतो, आणि बोटाचा एक ठसा तो झाकायला पुरतो. न वापरलेल्या पोर्टांची रबरी टोपणे काढून ड्रॉवरमध्ये टाकण्याची सवय महागात पडते.

दर बदलानंतर 'कॉन्फिगअपलोड'ने कॉन्फिगरेशनची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. फर्मवेअर चालू स्विचवर चढवता येते आणि वाहतूक थांबत नाही, पण सहसा एका वेळी एकच मोठी पायरी. तीन पायऱ्या एकदम ओलांडायला गेले तर स्विच रीस्टार्ट होऊ शकतो. ए-वर चढवल्यावर बी-ला हात लावण्याआधी निदान एक दिवस जाऊ द्यावा. वापरलेला जुना स्विच जाळ्यात घेताना त्याच्यातली जुनी झोनिंग आधी 'सीएफजीडिसेबल', 'सीएफजीक्लिअर' आणि 'सीएफजीसेव्ह' करून पुसावी, तीही केबल जोडण्यापूर्वी. केबल जोडून मग पुसली तर पुसले जाते ते सगळ्या फॅब्रिकचे झोनिंग.

एचबीए कार्ड जळाले आणि नवे आले तर त्याचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन नवा असतो. टोपणनावे नीट दिली असतील तर झोनला हात लावावा लागत नाही: 'अ‍ॅलीअ‍ॅड'ने नवा क्रमांक घालायचा, 'अ‍ॅलीरिमूव्ह'ने जुना काढायचा, जतन करून लागू करायचे. पण स्टोरेजवरच्या मास्किंगमध्येही जुना क्रमांक बदलावा लागतो, आणि सर्व्हर सॅनवरूनच बूट होत असेल तर कार्डाच्या बायॉसमध्ये बूट डिस्क नव्याने निवडावी लागते.