ड्युअल बूट पार्टिशन

एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, बहुतेक वेळा विंडोज आणि लिनक्स, आळीपाळीने चालवता याव्यात म्हणून हार्ड डिस्क किंवा एसएसडीचे वेगवेगळे भाग पाडणं. डिस्क एकच राहते, कुठल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा ठरावीक मापाचा छोटा तुकडा) कुठल्या सेक्टरपर्यंतची जागा कोणाची हे सांगणारा छोटासा तक्ता तिच्या सुरुवातीला लिहिलेला असतो आणि मशीन चालू झालं की कोणाला उठवायचं ते बूटलोडर बघतो. ड्युअल बूटची बहुतेक दुखणी या तक्त्यातून नाहीतर बूटलोडरमधून येतात, सी ड्राइव्ह डी ड्राइव्ह तर सगळ्यांनाच माहितीये, म्हणून इथे तक्त्याबद्दलच जास्त लिहिलंय.

उगम

डिस्कचे भाग पाडायला सुरुवात कोणी केली यावर एकमत नाहीये. काही जण ती आयबीएमच्या मेनफ्रेमपर्यंत मागे नेतात, तिथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीपी-४० आणि सीपी-६७ या सिस्टिममध्ये एका मोठ्या डिस्कचे तुकडे करून प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरला, मिनीडिस्क दिली जायची. दुसरे जण १९७० च्या दशकातल्या युनिक्सकडे बोट दाखवतात, पण तिथे सुरुवातीला भागांच्या हद्दी डिस्कवर लिहिलेल्याच नसायच्या, ड्रायव्हरच्या कोडमध्ये पक्क्या बसवलेल्या असायच्या, म्हणजे हद्द बदलायची तर कोड बदला आणि परत कंपाइल करा. कल्पना म्हणून पहिला मान मेनफ्रेमला द्यायला हरकत नाही. पण तक्ता डिस्कवरच असणं आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या सिस्टिमना तो वाचता येणं, जे आपण आज वापरतो, त्याचं मूळ मार्च १९८३ मध्ये १० एमबी हार्ड डिस्कसकट आलेल्या आयबीएम पीसी एक्सटी आणि पीसी डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शोधणं जास्त पटतं. हा तक्ता ज्यात असतो त्या मास्टर बूट रेकॉर्डचा, म्हणजे एमबीआरचा, पहिला कोड जून १९८२ च्या सुमारास आयबीएमच्या डेव्हिड लिटन यांनी लिहिला असं सांगतात.

तक्त्यात रकाने चारच का आणि ते कोणासाठी, यावरही दोन मतं आहेत. मोठी डिस्क डॉसला झेपत नव्हती म्हणून पार्टिशन आली असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. एका पार्टिशनला ३२ एमबीची मर्यादा होती हे खरंय आणि १९८७ च्या डॉस ३.३ मधलं एक्स्टेंडेड पार्टिशन (ज्याच्या आत आणखी भाग पाडता येतात) त्याच्याशीच जोडलं जातं, पण १९८३ ला हे कारण लावता येत नाही, कारण तेव्हा डिस्कच १० एमबीची होती आणि डॉसला स्वतःसाठी एकच पार्टिशन वापरता यायचं. मग उरलेले तीन रकाने सीपीएम-८६ सारख्या दुसऱ्या सिस्टिमसाठीच ठेवले असणार. दोन सिस्टिम एका डिस्कवर नांदवायच्या हा विचार तक्ता आखतानाच होता, हे मत म्हणूनच जास्त वजनदार वाटतं.

तक्ता आणि बूटलोडर

एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर. त्यात ४४६ बाइट बूटच्या कोडला, प्रत्येकी १६ बाइटचे चार रकाने म्हणजे ६४ बाइट, आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. सेक्टरचा नंबर ३२ बिटचा असल्यामुळे साधारण २ टीबीच्या पुढची जागा यात मांडताच येत नाही. त्याच्या जागी आलेली जीपीटी ही तक्त्याची नवी पद्धत इंटेलच्या ईएफआयच्या, म्हणजे मशीन चालू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कामातून निघाली, २००५ पासून ती युईएफआय फोरमकडे आहे. तिच्यात नेहमीच्या मांडणीत १२८ रकाने असतात, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते आणि तक्ता खराब झालाय का ते चेकसमवरून, म्हणजे पडताळणीच्या आकड्यावरून, कळतं. शिवाय पहिल्या सेक्टरमध्ये एक नावापुरता एमबीआर ठेवतात, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमला डिस्क रिकामी वाटून तो तिच्यावर काही लिहून बसणार नाही.

बायोस हा युईएफआयच्या आधीचा तसाच प्रोग्रॅम, त्याच्या जुन्या मशीनवर आधी विंडोज मग लिनक्स हा क्रम पाळावाच लागायचा, कारण विंडोजचा सेटअप एमबीआरमधला कोड न विचारता पुसायचा आणि ग्रब उडायचा. ग्रब हा बूटलोडर एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये ग्नू हर्डसाठी सुरू केला होता, लिनक्सवाल्यांनी तो नंतर उचलला. युईएफआयमध्ये दोन्ही सिस्टिमच्या फाइली ईएसपी नावाच्या फॅट३२ पार्टिशनमध्ये आपापल्या फोल्डरात राहतात त्यामुळे भांडण बरंच कमी झालंय, पण संपलेलं नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूट (खात्रीची सही नसलेला बूटलोडर चालू न देणारी सोय) चालू असलेल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स सुरू होणं बंद पडलं होतं.

जागा काढणं

विस्टापासून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येच सी ड्राइव्ह श्रिंक करता येतो. ती जागा पार्टिशनच्या शेवटून कापली जाते आणि मध्ये पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल) किंवा हायबरनेशनची फाइल अडकली असेल तर १०० जीबी रिकामी दिसत असूनही थोडीच सुटते, अशा वेळी या दोन्ही तात्पुरत्या बंद करून परत बघायचं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घेणं फार महत्त्वाचं, ती नसेल तर डेटा गेलाच समजा. इंस्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बऱ्याचदा बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी सोय चालू असते. फास्ट स्टार्टअप बंद करायचं, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्सला तिच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळणारी लिनक्सची सीडी आणि लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जोडलेला पीसी, इतक्या सामानावर इथेही हा प्रकार करता यायचा. नेरूळ, ऐरोली, वाशी, ठाणे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना युनिक्सच्या प्रॅक्टिकलसाठी घरी लिनक्स लागतं. डीटीपीवाल्यांचं उलट आहे, त्यांची सगळी जुनी कामं श्रीलिपी या देशी भाषांच्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून विंडोज सोडवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली जुनी मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, तेव्हा विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स टाकायला आता आणखी एक कारण झालंय. पार्टिशन सरकवताना लाइट गेली तर मधला डेटा हमखास अडकतो, त्यामुळे महावितरणचं शटडाऊन असेल त्या दिवशी हे काम काढू नये आणि डेस्कटॉप असेल तर युपीएस हवाच. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांचे लॅपटॉप सहसा अॅडमिनने लॉक केलेले असतात, तिथे व्हर्च्युअल मशीन नाहीतर २०१६ पासून आलेलं, विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल वापरतात.

भारतात हमखास दिसणारी गडबड घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात युटीसी (जागतिक प्रमाण वेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजते, मग ठाण्यात सकाळचे साडेदहा वाजले असताना विंडोज पहाटेचे पाच दाखवते आणि वेळ चुकल्यामुळे कधीकधी बँकेची साइटही उघडत नाही. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की एका कमांडमध्ये हे सुटतं, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत युटीसी लावणं जास्त बरं.

काढून टाकणं

बायोसच्या मशीनवर विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन नुसतं डिलीट केलं तर पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू येतं, कारण एमबीआरमधला कोड त्या गेलेल्या पार्टिशनमधल्या फाइली शोधत राहतो. म्हणून आधी विंडोजच्या रिकव्हरी पेनड्राइव्हवरून एमबीआर परत लिहायचा, मग पार्टिशन काढायचं. युईएफआयमध्ये ईएसपीतला लिनक्सचा फोल्डर आणि बूट मेन्यूतली त्याची नोंद वेगळी पुसावी लागते.